श्वास घेणारे तळे

पाहिलेले निर्भयपणे सांगणे हे सत्यनिष्ठेचे पहिले पाऊल. आणि त्या पाहिलेल्यात आपलाच हात दिसू लागला, तरीही सांगणे, हे तप. जळकोट तालुक्यातील निवृत्ती भोई या निरक्षर मच्छीमारांना ते साधले होते.

गावतळ्याच्या सेवेत त्यांची चाळीस वर्षे गेली. “तळ्याचं तळ्याला,” असे म्हणत दरवर्षी माशांच्या पिल्लांची एक ओंजळ ते पाण्यात सोडत, आणि मगच जाळे भिजवत.

दोन वर्षांपूर्वी तळे मुके झाले. आधी बेडूक गेले, मग पाणकोंबडीची पिल्ले. जाळ्यात हमखास येणारी मरळ मासळी मिळेनाशी झाली. वारा पडलेल्या भर दुपारी पाण्यावर ठायी ठायी बुडबुडे फुटत, जणू कोणी खालून श्वास घ्यायला वर येई. जाळे मात्र रिकामे निघे, आणि फाटलेले.

“मामा, तळ्याला दमा लागला की काय?” गावकरी हसत.

निवृत्तींनी सरकारी कचेरीत अर्ज दिला. नांदेडच्या प्रयोगशाळेतून लुंबिनी नावाची तरुण संशोधिका आली आणि तिने पाण्याच्या तीन बाटल्या भरल्या.

“निस्तं पाणी नेऊन काय कळणार, बाई? मासा तर घावंना.”

“मासा लपतो, मामा. पण त्याच्या अंगाची बुळबुळ पाण्यात राहते. तिच्यातल्या डीएनएवरून कळतं कोण राहतंय ते.”

पंधरा दिवसांनी ती उत्तर घेऊन परतली. तळ्यात थाई मांगूर हा परदेशी मासा होता. बंदी घातलेला, इतर मासे गिळणारा, हवेचा श्वास घ्यायला पाण्यावर येणारा. उदगीरच्या बाजारात एक विक्रेता ‘गावरान मांगूर’ म्हणून पिल्ले विकत होता. तीही तपासात थाईच निघाली.

“पिल्लं दिसायला सारखीच, डोळा फसतो,” ती म्हणाली. “पण इथं आणून सोडली कोणी?”

निवृत्तींनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिले. मरळीची पिल्ले महाग झाल्यापासून त्यांची ओंजळ त्याच दुकानातून भरत होती. हे कोणालाही ठाऊक नव्हते. काठाजवळ एक बुडबुडा फुटला.

“लिवा, बाई. म्याच सोडले. गावरान म्हणून घेतले, पर हात माझाच हाय.”

“मामा, मासेमारीचा परवाना जाईल तुमचा.”

“जाऊ द्या. पाणी खरं बोललं, अन् म्या गप बसू व्हय?”

त्या जबानीवरून विक्रेत्याची मांगूर वाढवायची लपवलेली शेततळी सापडली आणि बुजवली गेली. निवृत्तींचा परवानाही गेला. ते रोज काठावर बसून बुडबुडे पाहत. पाण्यात पाय मात्र त्यांनी पुन्हा घातला नाही. गेल्या माघात ते वारले.

जबानीच्या कागदावर त्यांचा अंगठा आहे. तळ्यात मांगूर अजून आहे.