दोन गॅलऱ्यांमधला रस्ता

"तो तक्ता राहू द्या. मी बाहेर जाऊन बघते."

डोळे तपासायला आल्या की ताई हेच म्हणायच्या. माझं चष्म्याचं दुकान मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि ताई त्याच इमारतीत वर, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. माझ्या तक्त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. तपासणीची ती जड चौकट नाकावर तशीच ठेवून त्या उठायच्या, दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहायच्या आणि थेट समोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे बघायच्या. तिथे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्यांची धाकटी बहीण उभी असायची. मग ताईंचे हात वर जायचे, बोटं फिरायची आणि पलीकडून तशाच फिरत्या बोटांनी उत्तर यायचं.

"करंगळी नीट दिसत नाहीये तिची. अजून जरा वाढवा."

"ताई, नंबर म्हणजे काय कोथिंबीर आहे, अजून जरा घाला म्हणायला?"

"मग राहू दे. उद्या ती काहीतरी म्हणेल, मी भलतंच समजेन, आणि भांडण तुमच्यामुळे होईल."

धाकटीला ऐकू येत नव्हतं. अगदी लहानपणी ताप येऊन कान गेले. तेव्हा तिला कुठे शिकवायला पाठवावं हे घरात कुणाला सुचलं नाही आणि सुचलं असतं तरी पाठवलं नसतं. मग या दोघी पोरींनी बसल्या बसल्या आपली आपणच एक भाषा केली. कानाच्या पाळीला चिमूट म्हणजे आई, कारण आईच्या कानात कुड्या असायच्या. हनुवटी खाजवली की वडील. दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून हळूच सरकवले की झोप, आणि तेच जोरात सरकवले की भाकरी. हे मला ताईंनी सांगितलेलं. एरवी त्या भाषेत काय चाललंय ते जगात दोघींनाच कळायचं. धाकटीच्या मुलाला, सुनेला कामापुरतं यायचं, पण ते म्हणजे आपण हिंदी बोलतो तसं.

त्या भाषेत मलाही एक नाव होतं. डोळ्यांभोवती बोटांची दोन कडी, आणि मग कपाळावर एक बोट टकटक. मला वाटलं, हुशार. बरेच दिवस मी त्यावर खूश होतो. पुढे धाकटीच्या सुनेकडून कळलं की कपाळावरचं बोट म्हणजे चिडका. असो.

गंमत म्हणजे ताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. "आख्ख्या पुण्याचे फोन जोडले हो मी," त्या म्हणायच्या, "घरचा तेवढा जोडता आला नाही." पण खरं सांगू का, त्यांचा जोडलेलाच होता. आमच्या या रस्त्यावर सकाळपासून भाजीचे टेम्पो, बस, रिक्षा, दुचाक्या यांचं जे काही चालतं ते तुम्ही ऐकलंच असेल. समोरासमोर उभ्या दोन माणसांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. माझ्या दुकानात गिऱ्हाईक 'जवळचा' चष्मा म्हणतं आणि मला 'चवळीचा' ऐकू येतं. आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या डोक्यावरून या दोन म्हाताऱ्या निवांत गप्पा मारत असायच्या. संध्याकाळचं ऊन पलीकडच्या गॅलरीवर यायचं तेव्हा धाकटीचे हात सोनेरी दिसायचे. खाली धूर, वर ते हात. मी कितीदा तरी गिऱ्हाईक सोडून बघत उभा राहिलोय.

चार वाजता मात्र ताई पलीकडे जायच्याच. हातात डबा. आज यांच्याकडून अळूची भाजी गेली तर येताना त्यात तिच्याकडची चिमूटभर साखर का होईना, पण काहीतरी असायचं. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे त्यांच्या आईचं. आमच्या इमारतीसमोर दुभाजकात एक फट होती. ताई हात दाखवत दाखवत त्या फटीपर्यंत जायच्या, दम खायच्या, आणि मग उरलेला अर्धा रस्ता.

एक दिवस एका दुचाकीवाल्याचा धक्का लागला. ताई वाचल्या. डबा उडाला आणि कढी रस्ताभर झाली. दुचाकीवाला जाता जाता त्यांनाच म्हणाला, "दिसत नाही का?" माझ्याच दुकानाचा चष्मा होता त्यांच्या डोळ्यांवर. मला ते इतकं झोंबलं की मी त्याच्यामागे चौकापर्यंत धावलो.

आता अशा वेळी दुसऱ्या गावचं माणूस काय करेल? दोन शिव्या देईल आणि सोडून देईल. आपण अर्ज करतो. ताईंनी सुवाच्य अक्षरात अर्ज केला की सदर ठिकाणी रस्ता ओलांडणे वृद्धांस धोक्याचे झाले असून त्याची तातडीने व्यवस्था व्हावी. आख्ख्या इमारतीने सह्या केल्या. मीही केली, वर 'अत्यंत तातडीने' असं सुचवलं. आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा अर्जाची दखल घेतली गेली. पुढच्याच आठवड्यात माणसं आली, वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, आणि संध्याकाळपर्यंत ती फट लोखंडी जाळीने बंद. वर पाटी: येथून रस्ता ओलांडू नये.

ताई चार वाजता डबा घेऊन खाली आल्या आणि पाटीसमोर उभ्या राहिल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता धोका नाही. आता कुणी जाणारच नाही." आणि डबा घेऊन वर गेल्या. गॅलरीतून त्यांनी धाकटीला काय सांगितलं कोण जाणे, पण धाकटी हसत सुटली होती. ताई हसत नव्हत्या. पुढे कितीतरी दिवस त्या मला म्हणायच्या, "अर्ज करायला नको होता हो." मी म्हणायचो, आपण सगळ्यांनीच केला. पण अक्षर त्यांचं होतं ना.

पलीकडे जायला आता चौकापर्यंत चालत जायचं, तिथल्या सिग्नलला जीव मुठीत धरून पार व्हायचं आणि तेवढंच परत यायचं. पदपथाचं म्हणाल तर त्यावर एक झाड आहे, विजेची पेटी आहे, आणि बसायला एक बाक आहे, ज्यावर बसलं की पाय रस्त्यात येतात. गुडघ्यांना ते झेपेना. मग रिक्षा. रिक्षावाले म्हणायचे, "आजी, समोर तर आहे." ताई म्हणायच्या, "समोर आहे म्हणूनच रिक्षा लागते, बाळा." धाकटीचे गुडघे तर यांच्याहून गेलेले. ती जिना उतरायची बंदच झाली होती.

तुम्ही म्हणाल, दोघींनी एकत्र का नाही राहायचं? मीही विचारलं होतं. पलीकडे दोन खोल्यांत मुलगा, सून, नातवंडं. "आणि एका घरात राहिलो तर दिवसभर भांडू," ताई म्हणाल्या. "लांबून बरं असतं. भांडण झालं की पाठ फिरवता येते."

मग उड्डाणपूल आला. तो कसा येतो ते तुम्ही पाहिलंच असेल. आधी निळे पत्रे, मग खड्डे, मग एका सकाळी खड्ड्यातून सळया वर आलेल्या. ताई गॅलरीतून खांबांकडे बघायच्या. दोन खांबांच्या मधून धाकटी दिसायची तोवर त्या काही बोलल्या नाहीत. पावसाळा संपता संपता वरचा भाग टाकला आणि तो नेमका दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर आला. ताईंच्या गॅलरीसमोर आता काँक्रीटचा कठडा आणि त्यावर आवाज अडवायला लावलेले उंच पत्रे. आवाज काही अडला नाही. बाकी सगळं अडलं.

मी त्यांना व्हिडिओ कॉल शिकवला. दोनच दिवसांत त्यांनी फोन खाली ठेवला. "ती एका हातात फोन धरते, म्हणजे बोलायला एकच हात उरतो," त्या म्हणाल्या. "तोतरी झाल्यासारखी वाटते हो. आणि घाईत असली की बोटं पडद्याबाहेर जातात. निम्मं बोलणं भिंतीला कळतं." सुनेने फोन डब्याला टेकवून ठेवून पाहिला, पण तो घसरायचा आणि मग ताईंना छताचा पंखा दिसायचा.

पण मधे एक काळ आला, तो सांगायला हवा. पूल बांधून तयार झाला आणि उद्घाटनाला पाहुणे मिळेनात. आज तारीख, उद्या तारीख. दोन्ही टोकांना ड्रम लावून रस्ता बंद, आणि आत पोरं क्रिकेट खेळायची, म्हातारे फिरायला जायचे. खाली रस्त्यावर गाड्या तशाच तुंबलेल्या. मी रोज दुकान उघडताना पुलाकडे बघून दात खायचो.

एका सकाळी दूध आणायला निघालो तर ताई धुक्यातून येताना दिसल्या, पुलाच्या उताराकडून. शाल, टोपी, हातात डबा.

"उद्या माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एक मजा दाखवते."

दुसऱ्या दिवशी गेलो. ड्रमांच्या मधून आत शिरलो आणि ताईंचे गुडघे म्हणतील तिथे थांबत हळूहळू चढ चढलो. वर काहीच नव्हतं. पांढरे पट्टे ताजे, दिवे अजून लागलेले, आणि दोन्ही बाजूंनी धुकं. खाली टेम्पो जात होते, त्यांचा आवाज पाण्याखालून यावा तसा यायचा. मेथीचा वास मात्र सरळ वर यायचा. ताई मधोमध चालत होत्या. ज्या रस्त्यावर पाऊल टाकायची बंदी, त्याच्या बरोबर डोक्यावरून, डबा हलवत. मला हे स्वप्नात चाललंय असं वाटायला लागलं, आणि मी काही तसल्या स्वभावाचा माणूस नाही.

पलीकडच्या कठड्यावरचे पत्रे अजून पूर्ण लावले नव्हते. एका जागी मोकळं होतं. तिथे ताई थांबल्या. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, धाकटीची गॅलरी. ती स्वेटर घालून उभीच होती. पूर्वी सगळा रस्ता मधे असायचा, आता एक उडी. दोघींनी हात वर केले आणि सुरू झाल्या. इतक्या जवळून मी ती भाषा कधीच बघितली नव्हती. भुवया, गाल, खांदे, सगळं बोलत होतं. मग ताईंनी डबा पिशवीत घालून कपडे वाळत घालायच्या काठीला अडकवला, काठी धाकटीने पुढे केली होती, आणि डबा पलीकडे गेला. दोघी लहान मुलींसारख्या हसल्या.

"बघा," ताई मला म्हणाल्या, "पूल आपल्यासाठीच बांधलाय. देवाला रोज सांगते, त्या पाहुण्यांना वेळ मिळू देऊ नकोस."

मी पहिल्यांदाच या शहराच्या दिरंगाईला मनापासून हात जोडले.

पाहुण्यांना शेवटी वेळ मिळाला. पत्रे पूर्ण झाले, ड्रम गेले, पाटी आली की पादचाऱ्यांस मनाई. ताई आठवड्यातून एकदा रिक्षाने जायच्या, मग पंधरा दिवसांनी, मग सणावारी. दुकानात येऊन बसायच्या, पण बाहेर जाऊन बघायच्या नाहीत. कधी कधी बोलता बोलता त्यांची बोटं मांडीवर आपोआप हलायची. मी बघतोय हे लक्षात आलं की पदराखाली घ्यायच्या.

या हिवाळ्यात एका पहाटे ताई झोपेतच गेल्या. भाचा, म्हणजे धाकटीचा मुलगा, वळसा घालून आला. आईला खुर्चीत बसवून जिना उतरवावा, असं ठरत होतं. तो घरी जाऊन परत आला तो डोळे पुसतच. "आई नाही म्हणते. ती म्हणते, मी गॅलरीतूनच बोलणार. मावशीला इकडे आण म्हणते."

शववाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, "काका, स्मशानभूमी या बाजूला आहे. उलट कुठे नेताय? यू टर्नला अर्धा तास जाईल."

"जाऊ दे," मी म्हणालो.

गेलाच. ज्या रस्त्याने ताई रिक्षातून जायच्या त्याच रस्त्याने, चौक, सिग्नल, पुलाखालची तुंबलेली रांग, आणि परत तेवढंच. धाकटीच्या इमारतीखाली गाडी उभी केली, मागचं दार उघडलं, आणि आम्ही चौघांनी तिरडी बाहेर घेऊन हातांवर धरली, चेहरा वर. पुलाच्या कडेची ती जेमतेम एका गाडीची पट्टी. मागे लगेच हॉर्न सुरू झाले.

धाकटी गॅलरीत आली. कठड्याला पोट टेकवून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले. ती बोलायला लागली. घाई नव्हती. कानाच्या पाळीला चिमूट आली, ती मला कळली. बाकी काही कळलं नाही, आणि भाच्यालाही नाही, कारण तो नुसता वर बघत होता. त्या दोघींचं होतं ते.

मागच्या गाडीतला एक तरुण उतरून पुढे आला. "काका, किती वेळ?"

मी चिडायला तोंड उघडलं आणि मला चिडता आलं नाही. म्हणालो, "त्या बोलतायत. त्यांचं होऊ दे."

त्याने वर बघितलं. मग मागे जाऊन त्याने गाडी बंद केली, आणि त्याच्या मागच्याला जाऊन काहीतरी सांगितलं.

बऱ्याच वेळाने धाकटीचे हात खाली आले आणि कठड्यावर टेकले. बोलून झाल्यावर ती थांबायची तशीच ती थांबली, मान थोडी पुढे काढून, ताईंच्या हातांकडे बघत. ड्रायव्हरने मला खूण केली, निघायचं का. माझे हात भरून आले होते.

मी म्हणालो, "थांबा अजून थोडं."