टीव्हीतली पंगत

डोक्यावर थाळ्यांची चार मजली उतरंड, दोन्ही हात मोकळे, आणि तोंड त्याहून मोकळं. बांग मालसुनची तरुणपणची चाल ही अशी होती. कोरियात, सोल शहरातल्या चंग्येचन ओढ्याकाठच्या गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांची दुकानं एकाला एक चिकटलेली, आणि दुपारी त्या सगळ्यांना जेवण पोचवणारी ही एकटी. वाटेत कोणी आडवा आला की ती थांबायची नाही, ओरडायची. "ए वायरवाल्या, सरक की! सांडलं तर तुझ्या टकलावरच सांडेल!"

त्याच गल्लीतल्या थाक गीबोमशी तिने लग्न केलं. तो टीव्ही दुरुस्त करायचा. माणूस देवमाणूस, पण एकट्याने त्याला घास उतरत नसे. वाटी घेऊन तो शेजारच्या दुकानात जाऊन बसायचा. बायकोबरोबर जेवावं म्हटलं तर अख्ख्या गल्लीला भूक लागायची ती एकाच वेळी. मालसुन त्याच्या दारावरून तशीच पुढे जायची. "अहो, नूडल्स फुगायच्या आत खा!" दुपारचा संसार तो एवढाच.

त्या काळात प्यो नावाची एक कलावंत बाई गल्लीत आली. तिने भंगारातले टीव्ही गोळा केले, गीबोमकडून चालू करून घेतले आणि खांद्यावर कॅमेरा टाकून गल्लीतली माणसं टिपत सुटली. मग त्या टीव्हींचा तिने एक उंच बुरूज रचला. एकेका टीव्हीत एकेक माणूस. कोणी तारेला डाग देतोय, कोणी पेंगतोय, एक तर खुशाल नाक कोरतोय. गीबोम आला खालच्या ओळीत, नूडल्स खाताना. शेजारचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद होतं, म्हणून एकटाच. चित्र मिनिटभराचं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

गल्लीने तो बुरूज पाहिला आणि कपाळावर हात मारला. "एवढे टीव्ही चालू करून घेतले, आणि दाखवते काय, तर आम्हालाच! आम्ही काय एकमेकांना बघितलेलं नाही?" पण काळ कुणाला कुठे नेऊन बसवेल, सांगता येत नाही. तो बुरूज थोर कलाकृती ठरला, मोठ्या संग्रहालयात गेला. शाळेची पोरं रांग लावून ते नाक कोरणं बघू लागली.

प्योबाई गेली. सहा वर्षांपूर्वी गीबोमही गेला. उरली मालसुन, शहात्तर वर्षांची, गुडघे सोडले तर ठणठणीत. महिन्यातून एकदा ती बसने संग्रहालयात जायची आणि गीबोमच्या टीव्हीसमोर बाकावर बसायची. घरी श्राद्धाला मांडायचा फोटो होता, पण तो ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात तो पोलिसांनी नुकताच धरून आणल्यासारखा दिसायचा. खरा गीबोम टीव्हीतला. तोही बिचारा इतकी वर्षं एकटाच जेवतोय, हे मात्र तिला सलायचं.

वसंतात सूआ तिच्या शेजारी येऊन बसली. बुरुजाची देखभाल ही मुलगी करायची.

"आजी, या जुन्या टीव्हींच्या काचेच्या नळ्या आता जगात कोणी बनवत नाही. एकेक मरत चाललीये. शरद ऋतूत बुरूज बंद करणार, आणि याच डब्यांत नवे पातळ पडदे बसवणार. आमच्याकडे त्यावरून भांडणं चाललीत, की पडदे बदलल्यावर हा तोच बुरूज राहील की नाही."

"भांडा, भांडा. नवऱ्याने मात्र पातळ टीव्ही गल्लीत सगळ्यात आधी घेतला असता," मालसुन हसली. मग तिने गीबोमच्या टीव्हीकडे बोट केलं. "पण पोरी, या डब्यातल्या तारांना दिलेले डाग त्याच्या हातचे आहेत. यातून तो निघायच्या आधी मला एकदा त्याच्याबरोबर दुपारचं जेवायचंय. त्याचं श्राद्ध सोमवारी येतंय. तुमच्या सुट्टीच्या दिवशी."

सूआचा चेहरा पडला. "आजी, या दालनात पाण्याची बाटलीसुद्धा चालत नाही. मासळी, भात, दारू... वरचे मला कच्ची खातील."

पण ही पोरगी स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. गीबोमच्या शेजारचा टीव्ही कधीचा मेला होता. त्यात चाचणी म्हणून नवा पडदा बसला होता. तिने ठरवलं, जेवण मांडायचं खाली उपाहारगृहात, समोर कॅमेरा लावायचा, आणि चित्र थेट वर त्या पडद्यावर सोडायचं. म्हणजे गीबोमच्या शेजारीच पान मांडल्यासारखं.

"आणि नंतर पुसून टाक," मालसुनने बजावलं. "मी अजून मेलेली नाही. मला बुरुजात चिणू नकोस."

सोमवारी तिचा मुलगा सोंगू काळा कोट घालून आला. सोंगू म्हणजे रीतीभातींचा पोलीस. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासा इकडे, मांस तिकडे, सगळं त्याने बोटांनी मोजूनमापून मांडलं. मग वर जाऊन पडदा बघून आला तो घामाघूम होऊन.

"आई, घात झाला! कॅमेरा बाबांच्या जागेवरून बघतोय. सगळं उलटं दिसतंय! सफरचंद पश्चिमेला!"

"तुझ्या बापाला डावं-उजवं कधी कळलं? एकदा याने तारा उलट्या जोडल्या, तर बातम्या सांगणारा तासभर शीर्षासनात होता."

"आणि ही किमची? ताटात तिखट लोणचं नको! लाल मिरचीने पितर पळून जातात."

"हा नाही पळणार. जन्म मिरचीवर काढलाय त्याने." असं म्हणून तिने नूडल्सच्या दोन वाफाळत्या वाट्याही ठेवल्या. दोन का, हे विचारायचं सोंगूच्या डोक्यात आलं नाही. तो पुन्हा सफरचंदांकडे वळला होता.

त्याने दारू ओतली, जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केले. मग आली ती वेळ, जेव्हा घरच्यांनी बाहेर जायचं असतं. गेलेल्या माणसाला निवांत जेवू द्यायचं, आणि परत येताना थोरल्या मुलाने दाराशी खाकरायचं, अशी रीत.

"तू हो पुढे," मालसुन म्हणाली. "माझा गुडघा धरलाय."

बऱ्याच वेळाने सोंगू तीनदा खाकरला आणि दार उघडून जागीच थिजला. आई कॅमेऱ्यासमोर मांडी ठोकून बसली होती. तोंडात नूडल्स, हनुवटीवर रस्सा.

"आई! बाबांच्या आधी?"

"आधी नाही रे. बरोबर." तिने घास गिळला. "जगाला जेवायला घातलं मी, सोंगू. या माणसासमोर एकदा दुपारची टेकले नाही. रोज वाटायचं, उद्या बसू. फार चुकलं माझं. ओरडायचं तर नंतर ओरड, नूडल्स फुगतायत."

"बंद करायला सांगतो हे!" म्हणत सोंगू पाय आपटत वर गेला.

त्याच जिन्याने सूआ धावत खाली आली. तिचे डोळे भरले होते.

"आजी, वर चला, बघा तरी! दोघं अगदी शेजारी..."

"मला काय दाखवतेस? मी त्याच्याबरोबर जेवतेय."

सूआ नाक पुसत हसली. "हे खरंच पुसून टाकायचं?"

मालसुनने किमचीचा तुकडा चावून चावून खाल्ला. "राहू दे," ती म्हणाली. "पण नव्या बुरुजात आम्हाला लांब लांब लावलंस, तर माझ्याशी गाठ आहे."

सोंगू लवकर खाली आलाच नाही. आला तेव्हा कोट हातावर होता आणि डोळे लाल होते. तो आईजवळ गुडघ्यांवर बसला, आणि त्याने किमचीची वाटी तिच्याकडे सरकवली.

"सावकाश खा, आई," तो म्हणाला. "बाबांचं अजून चाललंय."