भाव वरून सांगणारा माणूस

"वर जाईसन सांगस," असं म्हणून तो धोतराचा काचा मारायचा आणि झाडावर चढायला लागायचा.

झाड तोडायचा भाव त्याने जमिनीवर उभं राहून कधी सांगितला नाही. आधी झाडाभोवती एक फेरी. मग बुंध्यावर तळहात. मग कुऱ्हाडीच्या पाठीने तीन-चार ठिकाणी ठोकून बघणं, पोकळ आहे की भरीव. तोपर्यंत तुम्ही विचारत राहा, आबा, काय घेणार, काय घेणार. तो ऐकल्यासारखं करत नसे. मग चपला काढून वर जाई, दोन फांद्यांच्या दुबेळक्यात बसे, चारी बाजूंनी बघून घेई आणि तिथून आकडा सांगे. गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात.

आता तुम्हीच सांगा, पंचवीस हात उंच बसलेल्या माणसाशी घासाघीस कशी करायची? मान मागे वाकवून बोलावं लागतं. उन्हाने डोळे मिटतात. आपण हळू आवाजात "थोडं कमी करा" म्हणायला जावं, तर ते ओरडून म्हणावं लागतं आणि शेजारची माणसं ओट्यावर येऊन उभी राहतात.

मी भाव करण्यावरच मोठा झालेला माणूस आहे. फैजपूरकडून धुळ्याला आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक भाड्याची हातगाडी होती. आमच्याकडे केळीलाही झाडच म्हणतात, पण त्यावर कोणी चढत नाही. त्यामुळे लाकडातलं मला काही कळत नव्हतं. कळत होता तो माणूस. कोण कुठे थांबेल, कोणाला पैशाची घाई आहे, कोणाला झाडाचा कंटाळा आलाय, हे मी चेहऱ्यावरून ओळखायचो. हलवायांना जळाऊ लाकूड पुरवता पुरवता ऐंशी सालानंतर धुळ्यातच देवपुरात वखार टाकली. लोकांच्या अंगणातलं अडचणीचं झाड उभंच विकत घ्यायचं, परवानगीचा कागद करायचा, झाड तोडायची मजुरी आपण द्यायची आणि लाकूड वखारीत आणायचं, असा माझा धंदा. त्यात मजुरी जितकी कमी, तितकं मला जास्त उरणार. आणि मजुरी घेणारा हा वर जाऊन बसणार.

तो पारोळ्यापलीकडच्या एका खेड्याचा. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा. बारीक, उन्हाने वाळलेला, हातांची बोटं मात्र पायाच्या अंगठ्याएवढी जाड. सोबत त्याचा मेहुणा असे, तो खाली दोर धरायला. सामान एवढंच: दोन कुऱ्हाडी, एक कोयता, एक करवत आणि अंबाडीच्या दोराची तीन वेटोळी.

दोराचं त्याचं एक वेगळंच होतं. कामाच्या आदल्या दिवशी तो पूर्ण दोर हातातून हातभर-हातभर सोडत तपासायचा. एखाद्या दोराला जड फांदीचा झटका बसला असला, की तो दोर बाद. वरून चांगला धड दिसणारा दोर तो गावात गुरं बांधायला देऊन टाकायचा. मी एकदा म्हणालो, हा दोर अजून दोन वर्षं चालेल, कशाला वाया घालवता. तर म्हणाला, "झटका खायेल दोर झाडवर जात नही." मी मनात म्हटलं, म्हणजे दर कामात नव्या दोराचे पैसे मीच भरतोय. आणि ते खरंही होतं.

त्याचे भाव दोन. "पाडाना भाव न्यारा, उताराना न्यारा." मोकळ्या जागेतलं झाड पाडायचं. खाली घर, विहीर, तार असली तर झाड उतरवायचं, म्हणजे एकेक फांदी दोराला बांधून, आधी खालून छोटा घाव घालून, मग वरून कापून, मूल खाली द्यावं तशी अंगणात आणायची. उतरवायचा भाव पाडायच्या तिप्पट. फक्त फांद्या छाटून झाड ठेवायचं असेल, तर कापलेल्या जागी शेण आणि चुना कालवून लावायचा आणि त्याचेही पैसे घ्यायचा. मी म्हणायचो, आबा, झाडाला मलमपट्टी करायची मी कुठे सांगितली? तो म्हणायचा, "तू नही सांगं, भाऊ. झाडनं सांगं."

पण त्याची एक अट अशी होती, की तिच्यामुळे मी हे सगळं सोसत होतो. कौलारू घरावरचं झाड असलं, तर एक कौल फुटलं तरी मजुरी घ्यायची नाही. ही अट त्याची त्यानेच घातलेली. काम संपलं की तो स्वतः छपरावर जाई, पाला झाडून काढी आणि कौलं बघून येई. देवपुरात हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, तुमचं कौल फुटलं तर माझा माणूस पैसे घेत नाही. गिऱ्हाईक लगेच झाड देऊन टाकायचं. म्हणजे अट त्याची, नाव माझ्या वखारीचं. याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही, मीही विषय काढला नाही.

पाच-सहा वर्षं असं चाललं. मग चिंचेचं काम आलं.

देवपुरातच एक निवृत्त शाळामास्तरीण राहायच्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांच्या घरावर एक जुनी चिंच कलली होती. अक्कांनी पेन्शनीतून साठवून त्याच उन्हाळ्यात छपरावर नवी मंगलोरी कौलं घातली होती. माझ्याशी बोलताना त्यांनी दोनदा विचारलं, कौलांना काही होणार नाही ना? मी सांगितलं, एक फुटलं तर मजुरी नाही.

तो आला, ठोकून बघितलं, वर गेला आणि तिथून म्हणाला, साडेतीनशे. मी खालून म्हणालो, दोनशे. तो म्हणाला, साडेतीनशे. चिंचेच्या शेंगा माझ्या डोक्यावर पडत होत्या, मान दुखत होती, अक्का ओट्यावरून बघत होत्या आणि शेजारचा एक वकील हसत होता. माझं डोकं फिरलं. पाच-सहा वर्षांत या माणसाने माझ्याकडून एक रुपया कमी घेतला नव्हता. म्हटलं, आज याच्या बरोबरीला उभं राहूनच बोलायचं. भिंतीला बांबूची शिडी होती. ती लावली आणि छपरावर चढलो.

त्याने वरून बघितलं. हळूच म्हणाला, "पाय दखी ठेव, भाऊ."

मी म्हणालो, "तुम्ही तुमचं झाड बघा, आबा."

तिथून मात्र आमचं जमलं. तोंडासमोर तोंड आल्यावर मी माझं कसब दाखवलं. पाला किती आहे, लाकूड किती निघेल, मला वाहतूक किती पडेल, सगळं ऐकवलं. शेवटी तो दोनशे पंचाहत्तरला आला. आयुष्यात पहिल्यांदा. मी इतका खूश झालो की वळताना पायाकडे बघितलंच नाही. टाचेखाली कट्‌ असा आवाज आला. छोटाच. भाकरी मोडावी तेवढा.

मी वर बघितलं. तो पाठमोरा होता, दोराची गाठ मारत होता. मी पायाने थोडा पाला त्या जागेवर सरकवला आणि शिडीवरून उतरलो.

त्या दिवशी त्याने केलं तसं काम मी नंतर कुठे बघितलं नाही. चिंचेचं लाकूड जड असतं, वळतं, दगा देतं. एक फांदी तर छपराच्या बरोबर मधोमध होती, म्हशीएवढी. ती त्याने तीन दोरांवर तोलली. खालून मेहुणा सोडत होता, वरून हा एका हाताने तिला ढकलत, दुसऱ्या हाताने झाडाला धरून, तोंडाने फक्त "हां, हां" करत होता. फांदी कौलांवरून वीतभर अंतराने गेली आणि अंगणात टेकली. शेजारच्या वकिलाचं हसणं तेव्हा थांबलं होतं. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते. संध्याकाळी छपरावर नुसता बारीक पाला होता.

मग तो केरसुणी घेऊन छपरावर गेला. मी अंगणात ओंडके मोजत होतो. मोजत होतो म्हणजे हात चालत होता, कान वर होते. केरसुणीचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला.

तो खाली आला तेव्हा हातात कौलाचे दोन तुकडे होते. ते त्याने अक्कांच्या पायाशी ठेवले.

"एक फुटनं," म्हणाला. "मजुरी नही."

अक्का म्हणाल्या, अहो, एवढ्या मोठ्या झाडात एक कौल म्हणजे काहीच नाही, घ्या तुमचे पैसे. त्याने मान हलवली. मेहुणा रागाने काहीतरी बोलायला गेला, त्याला हातानेच गप्प केलं. दोर गुंडाळले, चपला घातल्या. माझ्याकडे बघितलं नाही, पण न बघितल्यासारखंही केलं नाही.

मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. बोललो नाही. दोनशे पंचाहत्तर वाचतायत असं मनात आलं, हे मी नाकारत नाही. मेहुण्याची मजुरी त्याने आपल्या खिशातून दिली, हे मला पुढे कळलं.

त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही. मी तीनदा निरोप धाडला, जास्त भाव कबूल केला. दर वेळी उत्तर एकच, हातात काम आहे. एकदा आग्रा रोडवर दुसऱ्या वखारवाल्याच्या कामावर तो कडुलिंबावर बसलेला दिसला. मी गाडी थांबवून खालून हाक मारली. वरून म्हणाला, "राम राम, शेठ." त्याआधी मी त्याचा भाऊ होतो. त्या दिवशी शेठ झालो.

याचा मला फार राग होता आणि थोडा अजूनही आहे. भांडायचं तर तोंडावर भांडावं. बोलून टाकावं, मी पैसे टाकतो, विषय संपतो. जो माणूस सगळं पोटात ठेवतो, तो समोरच्याला सुटायची वाटच ठेवत नाही. धंद्यात असं करू नये.

पुढे मी सुरतेहून पेट्रोलवर चालणारी करवत आणली. दोन तरुण गडी ठेवले. ते भाव खालूनच सांगायचे आणि मी दोन मिनिटांत अर्ध्यावर आणायचो. त्यांनी कौलं फोडली, एकदा विजेची तार तोडली. मी भरपाई करत गेलो. भाव पाडण्यात पूर्वी जी मजा यायची, तीही कुठे गेली कळलं नाही.

मग माझ्याच वखारीतला लिंब वाकला. त्याची एक मोठी फांदी लाकूड कापायचं मशीन असलेल्या शेडवर आली. गड्यांना मी तिला हात लावू दिला नाही. जीप काढली आणि पारोळ्यापलीकडे त्याच्या गावी गेलो. नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी. तो खूप म्हातारा झाला होता. मला वाटलं, नाही म्हणेल. तो चपला घालून जीपमध्ये बसला.

वखारीत आल्यावर लिंबाभोवती फेरी मारली. तळहात ठेवला. गड्याकडून कुऱ्हाड मागून पाठीने ठोकलं. मी पेट्रोलची करवत दाखवली, सुरू करून दाखवली. त्याने ती बंद होईपर्यंत वाट बघितली. म्हणाला, हिच्या आवाजात झाड तुटायच्या आधी काय बोलतं ते ऐकू येत नाही, ही घेऊन वर जायचं तर दुप्पट घेईन.

मग चपला काढल्या, बुंध्यावरच्या गाठीवर पाय ठेवला. जोर लावला. गुडघा उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग पाय खाली घेतला आणि चपला घातल्या.

मी म्हणालो, आबा, खालूनच सांगा. काहीही आकडा सांगा, मी भाव करणार नाही.

तो हसला. "भाव करनार नही त मंग सांगीसन काय मजा?"

त्या हसण्यावर मला धीर आला. मी म्हणालो, "आबा, अक्कांचं ते कौल माझ्या पायाखाली फुटलं होतं."

"मी वर व्हतू," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"कोनी फोडं हाई ठरेल नव्हतं. फुटनं त मजुरी नही, इतलंच ठरेल व्हतं." मग जीपकडे चालता चालता म्हणाला, "चल भाऊ, मले घर सोड."

पुढच्या वर्षी तो गेला. मेहुण्याने पोस्टकार्ड टाकलं, ते मला दहावं झाल्यावर मिळालं.

लिंब अजून आहे. फांदीखाली मी सागाचा टेकू दिलाय. एका रविवारी वखार बंद असताना शिडी लावली आणि या वयात, श्वास धरत, त्याचा पाय जिथपर्यंत पोचला नव्हता त्या दुबेळक्यात जाऊन बसलो. तिथून शेडचा एकेक पत्रा दिसत होता. कडेच्या पत्र्यावर कोणाच्या तरी हातून पडलेला एक खिळा होता. गंजलेला, बोटाच्या पेराएवढा. तोसुद्धा दिसत होता.