मशीनचा उजवा कौल

बाबांनी आयुष्यभर मुंबईत बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर हातात मावणाऱ्या गेमच्या मशीनवर गाडी चालवायला घेतली. मशीन माझं होतं. ऑफिसातून आल्यावर डोकं शांत करायला म्हणून सेकंडहँड घेतलेलं. एका संध्याकाळी बाबांनी ते उचललं, माझ्याकडून रेसचा गेम लावून घेतला, हिरवा ट्रक निवडला आणि त्या दिवसापासून माझं डोकं शांत होणं बंद झालं.

बाबा रेससुद्धा बसच्या नियमांनी चालवत. वळणाआधी ब्रेक. मागून कोणी जोरात आलं तर बाजूला घेऊन त्याला वाट. दुसऱ्याला धक्का मारून पुढे जायचं एक बटण होतं. ते दाखवलं तेव्हा म्हणाले, "आणि पॅसेंजर पडले तर?" ट्रकमध्ये पॅसेंजर नाहीत, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी तो विषय काढला नाही. ते दर वेळी शेवटचे यायचे आणि कुठेही न घासता गाडी आणली म्हणून खुशीत जेवायला बसायचे.

मशीन पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायचं, दोन बाजूंच्या बटणांच्या पट्ट्या, ज्यांना आम्ही बटणंच म्हणायचो, त्या सुट्या करायच्या, एक त्यांच्या हातात, एक माझ्या. आईची सिरीयल सुरू व्हायच्या आत आमचं उरकायचं, एवढाच त्या घरातला वाहतुकीचा नियम होता.

मग बाबांच्या डोळ्यांचं निघालं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं ते म्हणू लागले. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. इंजेक्शनं घेतली तर वेग कमी होईल, किती ते सांगता येत नाही. स्कूटर मात्र आजपासून बंद. बाबांनी घरी येऊन किल्ली आईकडे दिली. आईने ती देवघरात ठेवली, का ते तिलाच माहीत. बाबांना चालवण्यासारखी आता एकच गाडी उरली, तो हिरवा ट्रक.

पण जुन्या मशीनची स्क्रीन होती वहीच्या लेबलाएवढी. शिवाय गाडी वळवायची डावीकडची कांडी बिघडल्यामुळे ट्रक आपणहून डाव्या अंगाला ओढायचा. बाबा मशीन नाकाला लावून बसू लागले. मी म्हटलं, बोरीवली स्टेशनसमोरच्या दुकानात याच्यापेक्षा मोठ्या स्क्रीनचं आहे, उद्या घेऊन येते.

"थांब गो," बाबा म्हणाले. "नवीन येतंय."

ही बातमी त्यांना फोनवरून लागली होती. मशीनचा पूर्ण अवतार बदलणार, असं सांगणारे व्हिडिओ ते कानाला फोन लावून ऐकत. अफवेला डोळे लागत नाहीत, ही तिची मोठीच सोय. कुठल्याशा कारखान्यातून मागच्या झाकणाचा फोटो फुटला म्हणे. कव्हर बनवणाऱ्या कोणीतरी मापं फोडली. बटणं आता चुंबकाने चिकटणार. आणि स्क्रीन मोठी, चांगलीच मोठी. कधी येणार, यावर मात्र व्हिडिओतला एक पोरगा म्हणायचा दिवाळीला, दुसरा म्हणायचा पुढल्या वर्षी, आणि दोघंही सांगायचे की आमची आतली बातमी आहे.

आता हे दुसऱ्या कुठल्या घरात झालं असतं तर सोडून दिलं असतं. आमच्या घराला थांबायची सवय आहे. आमची बिल्डिंग पाडून नवीन बांधणार, ही बातमी मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे. पाडणारच आहेत म्हणून आम्ही भिंतींना रंग दिला नाही, पाडणारच आहेत म्हणून बाथरूमची फुटकी लादी बदलली नाही. त्या लादीवर पाय कसा ठेवायचा हे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही पाठ आहे. आज खर्च करावा आणि उद्या नवीन मिळावं, यापरतं दुसरं पाप आमच्या माहितीत नाही.

आई एकटी वेगळी निघाली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "आसा ता घेवा. डोळे काय तुमच्यासाठी थांबतले?"

बाबांना ते लागलं असावं. कारण त्यांनी लगेच गावी काकांना फोन लावला आणि देवाला कौल लावायला सांगितलं. आमच्या गावी पेच पडला की हेच करतात. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, जमिनी, ऑपरेशनं सगळं आमच्याकडे असंच ठरतं. बिल्डिंगचंही विचारून झालं होतं. तेव्हाही उजवाच कौल मिळाला होता.

काकांनी देवळात फोन स्पीकरवर ठेवला. इकडे बाबा खुर्चीतून उठून हात जोडून उभे राहिले, म्हणून मलाही उभं राहावं लागलं. गुरवांचा आवाज आला, "बा देवा म्हाराजा, तुझा एक लेकरू बोरीवलीक आसा. तेच्या हातातल्या खेळाचो नवो अवतार येतलो म्हणतत. तो खरोच येतलो आसात तर उजवो कौल दी म्हाराजा." मागून दोन-तीन माणसं गंभीरपणे "व्हय म्हाराजा" म्हणाली. माझं एम.कॉम. झालेलं आहे, आणि मी श्वास रोखून ऐकत होते.

पाकळी उजवी पडली. बाबा म्हणाले, "झालं तर. मशीन डावीकडे ओढतंय, देव उजवीकडे. देवाचं ऐकायचं."

आम्ही ऐकलं. दिवाळी गेली. इंजेक्शनं चालू होती. एका संध्याकाळी ट्रक कठड्याला घासला. बाबांनी तो थांबवला, बाजूला घेतला, पुन्हा निघाले, पुन्हा घासला. त्यांनी बटण डब्यावर ठेवून दिलं. "आता नवीन आल्यावर," म्हणाले. त्यानंतर ते फक्त अफवा ऐकत. मला त्या व्हिडिओतल्या पोरांचा इतका राग यायचा की एकदा मी बाबांचा फोन चार्जिंगला लावायचा मुद्दाम विसरले. बाबांनी तो चाचपडत स्वतः लावला.

आणि नवीन खरंच आलं. बटणं चुंबकाने चिकटत होती, स्क्रीन मोठी होती, पोरं खोटं बोलत नव्हती. मी मशीन घरी आणून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी कडेने बोटं फिरवली, वजन घेतलं, बटण काढून पुन्हा चिकटवलं. स्क्रीन चालू होती, त्यांच्या तोंडासमोर होती.

"मोठी आहे ना स्क्रीन?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. 'मी सांगितलं होतं' म्हणायचा आईला तेव्हा हक्क होता आणि तिने तो वापरला नाही, म्हणून मला जास्तच रडू आलं.

रविवारी काकांचा फोन आला. मशीन आलं तर देवाला नारळ देऊ, असं बाबा बोलले होते, त्याचं काय झालं. मी भडकले. म्हटलं, काका, काय उपयोग, उशीर झाला. काका शांतपणे म्हणाले, "गो, येतला काय म्हणान विचारलेला. कधी येतला, ता खय विचारलेला?"

"बरोबर आहे त्याचं," बाबा आतून म्हणाले. "देवाचं काही चुकलं नाही. नारळ द्यायला सांग."

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच मशीन डब्याला टेकवायला सांगितलं. मान वळवून खिडकीकडे बघत बसले. तसं बसलं की डोळ्याच्या कोपऱ्यातून थोडं दिसतं, असं त्यांना आढळलं होतं. रस्त्याची कड दिसते, रस्ता नाही. मी डावीकडे, उजवीकडे असं सांगायला लागले तर चिडले. "कंडक्टरने ड्रायव्हरला रस्ता सांगायचा नसतो. घंटी मार फक्त."

एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी चमचा घेतला आणि डब्यावर दोनदा वाजवला. ट्रक निघाला. कठडा आला की मी एकदा वाजवायची, बाबा ब्रेक मारायचे, मागे घ्यायचे, दोनदा वाजवलं की निघायचे. आई सिरीयल न लावता शेजारी येऊन बसली. बाकीच्या गाड्या केव्हाच पोचल्या होत्या.

"डेपो आला काय गो?" खिडकीकडे बघत बाबांनी विचारलं.

मी स्क्रीनकडे पाहिलं. अर्धा रस्ता बाकी होता आणि ट्रक भिंतीला तोंड लावून उभा होता.

"आला," मी म्हटलं आणि एक घंटी दिली.

बाबांनी हात खाली घेतले. "कुठे जास्त घासली नाही ना?" त्यांनी विचारलं, आणि आई म्हणाली, "नाय. जेवूक चला."