तात्यांनी शिकवलेले घोडे

आधी तात्यांचं सांगते. ते माझे कुणी नाहीत. आमच्या खोलीच्या कुंपणापलीकडे राहतात. जन्मभर जहाजांवर स्वयंपाकी होते. आज मी आणि माझी मुलगी समुद्रकाठच्या देवबाग गावात एका छपराखाली आहोत ते त्यांच्यामुळे.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, ते मोडलं, आणि भाऊ म्हणाला, "इकडं येऊ नको." ओळखीच्या एका बाईने मला इथल्या पर्यटकांच्या निवासात रांधायला-वाढायला लावलं. कामासोबत मागची खोली. म्हणजे काम गेलं की खोली गेली, आणि पोरीची नुकती लागलेली शाळाही. हे माझ्या डोक्यातून झोपेतही जात नाही.

पावसाळा संपला तशी मालकांची सून कारभार बघायला लागली. एकदा एका परदेशी पाहुणीने कुळथाच्या पिठीकडे बोट करून काहीतरी विचारलं. मी वाटी धरून नुसती उभी. तिला वाटलं, मला सांगायचंच नाही. ताट सोडून उठली. सूनबाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत इंग्रजी बोलायला शीक. नाहीतर मी गोव्याहून मुलगी आणते."

मी विहिरीपाशी रडत होते. कुंपणावरून तात्यांचा आवाज आला, "काय गो घाटीण, विहिरीत पाणी कमी पडला काय?"

सगळं सांगितलं. म्हणाले, "दिवाळीपर्यंत भाषा येवची नाय. शब्द येतलो. एकच धरूया आणि तेच्या पाठसून चलूया. कुळीथ म्हणजे हॉर्स ग्रॅम. हॉर्स म्हणजे घोडो."

"कुळथात घोडा कुठून आला?"

"घोड्यांका घालतत म्हणान."

हे मला पटलं. आमच्याकडे त्यालाच हुलगे म्हणतात, आणि ते उकडून बैलांपुढे ठेवतात.

मग जिकडेतिकडे घोडे. टॉवेल वाळत घालायची घोडी, ती क्लोद्स हॉर्स. सुतार फळी कापायला मांडतो ती घोडी, सॉ-हॉर्स. होडीच्या इंजिनाची ताकद हॉर्सपॉवर. जाळ्यात कधीतरी येतो तो बोटाएवढा, घोड्याच्या तोंडाचा मासा, सी हॉर्स. पोरं हुंदडायला लागली तरी घोडा, हॉर्सिंग अराउंड, आणि भूक फार लागली तर साहेब म्हणतो, अख्खा घोडा खाईन. "एवढे घोडे, आणि गावात एक नाही," मी म्हटलं.

पाठ व्हावं म्हणून तात्या गाऱ्हाणं घालत. इथे देवळात एकजण देवापुढे मागणं मांडतो आणि बाकीचे होकार भरतात, तसं. "बा देवा म्हाराजा, ह्या टॉवेल वाळत घालूच्या लाकडाक सायबान काय म्हटल्यान?" मी उत्तर द्यायचं, आणि अंगणातून पोरगी ओरडायची, "व्हय म्हाराजा!" हसायचो.

शेवटी एक अख्खं वाक्य दिलं. होल्ड युअर हॉर्सेस. म्हणजे दम धर. "जहाजार कप्तान माका म्हणायचो."

दिवाळी आली. सूनबाई पाहुणी होऊन टेबलाशी बसल्या. हे काय? "हॉर्स ग्रॅम, मॅडम. सूप." टॉवेल कुठे? "क्लोद्स हॉर्स." मग त्या भराभर विचारत गेल्या. होडीचं, तिखटाचं, काय काय असेल. मला एकही कळेना. कानात नुसती शिट्टी. थांबा जरा, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून गेलं, "होल्ड युअर हॉर्सेस!"

मालकिणीला. कप्तान आपल्या माणसावर खेकसतो तसं.

त्या उठल्या. मी मनात कपडे बांधायला घेतले. पोरीला शाळेतून कसं उठवायचं, बसस्टँडवर जाऊन कुठल्या गाडीत बसायचं, काहीच सुचेना.

तात्या मागच्या दारात होते. काठी टेकत आत आले. "तिका नको, माका बोल गो बाये. शब्द माझो. तो कोणाक म्हणूचो नाय, ता सांगूक मी चुकलंय."

"आणि पाहुण्यांना म्हणाली असती तर, तात्या?"

"म्हणान तर आता रोज सकाळी पडवीत बसतलंय. पावणे काय इचारतत, ता तिका सांगतलंय. शिकाक लागतीत तितके दिवस. घराकडे भिंतीक बघतंय, हय माणसांका बघीन."

"चहाशिवाय काही मिळणार नाही हां."

"साखर कमी घाल."

मला मोसम संपेपर्यंत कामावर ठेवलंय. पुढचं कुणी सांगत नाही, आणि विचारायचा धीर मला होत नाही. गाडीचा आवाज आला की गोव्याची मुलगी आली काय, म्हणून अजून डोकावून बघते. तात्या गुडघे धरत येतात. उशीर झाला तर मी हातातलं काम टाकून वाटेकडे बघत राहते. आता घोडा नसलेलीही वाक्यं येतात, पण पुरत नाहीत.

अलीकडे फाटकाची कडी त्यांना चाचपावी लागते. मोतीबिंदू. मुलगा मुंबईहून "येतो, येतो" म्हणतो. सगळ्या बंदरांत फिरलेला माणूस, ऑपरेशनला एकटा जायला भितो.

तात्या, मोसमानंतर मी इथे असेन की नाही, देव जाणे. पण जिथे असेन तिथून येईन. तुम्हाला ऑपरेशनला कुडाळला नेईन, डोळ्यावरची पट्टी सुटेपर्यंत शेजारी बसेन, आणि समोर कोण आलं, काय म्हणालं, ते सगळं तुम्हाला सांगेन.