कोपरीच्या वॉर्डाची नवी हद्द

हद्दीचं काम केलेल्या माणसाकडे किस्से नाहीत, असं व्हायचंच नाही. इलेक्शन नवीनच निघालं होतं, तेव्हा ठाण्याच्या कोपरीत वॉर्डाची हद्द सरकवायची ठरली. मी कारकून, अंतोन मोजणीदार आणि वर आमचे हेडक्लार्क दाजीसाहेब. तेवढ्या एका महिन्यात एवढं साठलंय, की ऐकणारे विडी विझवून जवळ सरकतात!

*

नियम असा, की रेघ कुणाच्या घरातून न्यायची नाही. यसूबाईच्या घरातून जुनी रेघ गेलेली. ओटी एका वॉर्डात, चूल दुसऱ्यात! मी विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव कुठं घालू?"

"त्यांना जाऊन चार वर्षं झाली."

"मग प्रश्नच मिटला!"

"मिटला कसा? हाक मारली की अजून ओटीवरनंच ओ देतात. ओटीकडं घाला!"

*

नवी हद्द चावडीवर लावली, की हरकतीला मुदत. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर एक अर्ज. 'आमची आळी पलीकडे टाकू नये.' खाली सहीऐवजी नांगराच्या पाच निशाण्या, शाई ओली. आळीचं नाव ऐकून शिपाई दारातच थबकला. "अहो, पटकीच्या साथीनंतर तिथं एक चूल पेटत नाही!"

दाजीसाहेबांनी चष्मा पुसला. "मुदतीत आलाय ना? मग दाखल करा!"

*

खाडीकडे मोजणी चाललेली. साखळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं घेऊन अंतोन झुडपांत शिरला. साखळी ताणली गेली, मी आकडा लिहिला. तेवढ्यात माझ्या मागून अंतोनचा आवाज, "थांब रे! चिखलात पाय रुतला, टोक तिथंच टाकून वळसा घालून आलो."

साखळी तशीच ताठ.

अंतोननं छातीवर क्रूस केला. "आकडा लिहिलास ना? मग हळूच सोड. ओढू नको!"

*

शेवटी घरमोजणी. दोघांनी वेगवेगळी मोजायची, आकडा जुळला तरच हद्द मंजूर. चुकणाऱ्याची नोकरी जायची. अंतोनची घरं एकेचाळीस, माझी बेचाळीस! जास्तीचं घर मला पक्कं आठवत होतं. चिंचेशेजारी, निळं दार. ओटीवर भरलेला तांब्या होता, मी पाणीसुद्धा प्यायलेलो. दुसऱ्या दिवशी अंतोनला घेऊन गेलो. चिंच होती. शेजारी नुसतं गवत.

दुपारी दाजीसाहेब एकटेच बघायला गेले. घरी बायकोला काय सांगायचं, या विचारात मी कचेरीत बसून राहिलो. ते परतले तेव्हा पागोटं हातात होतं.

"घर आहे," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "निळं दार. ओटीवर माणूसही बसलाय. त्यानं मला हाक मारली, अगदी ओळखीच्या आवाजात."

मग त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला.

"तुम्ही दुपारभर कुठं होतात?"

"इथंच, साहेब. शिपायाला विचारा."

शिपायानं मान डोलावली.

"मग एकेचाळीस लिहा," दाजीसाहेब म्हणाले, "आणि त्या बाजूला पुन्हा जाऊ नका."