खरात बाईंच्या बंदुका

शाळेत रुजू झालो त्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांतच, खरात बाईंनी मला गोळी घातली. शिक्षकांच्या खोलीचं दार लोटून आत पाऊल टाकलं आणि छातीवर काहीतरी मऊ आपटून खाली पडलं. बोटाएवढा फोमचा निळा तुकडा होता, टोकाला रबराची टोपी. समोर पन्नाशीला टेकलेल्या, ठेंगण्या, जाड चष्म्याच्या बाई लांबलचक लाकडी बंदूक खांद्याला लावून उभ्या होत्या. माफी मागणं वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. "लागलं का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्यांनी नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं, तौर. "पुरं नाव, सर. आईसकट." मी हसून वेळ मारून नेली. बाई हसल्या नाहीत.

आमची शाळा घनसावंगी तालुक्यातली, गोदावरीच्या अंगाला. बाई इतिहास शिकवायच्या, मी विज्ञान. बंदुकीचं मूळ जांबच्या यात्रेत होतं. तिथल्या खेळण्यांच्या दुकानात त्यांना जुन्या चकमकीच्या बंदुकीची प्लास्टिकची नक्कल सापडली होती, फोमच्या गोळ्या उडवणारी. वर्गात नेली आणि आठवड्यात मोडली. दुसरं कोणी असतं तर फेकून दिली असती. बाईंनी ती खोलून आतली करामत समजून घेतली आणि घनसावंगीच्या एका सुताराच्या मागे लागून मोडक्या बाकांच्या लाकडातून नव्या करून घेतल्या. नळी पाण्याच्या पाइपची, गोळ्या जुन्या सोफ्याच्या फोमच्या. फक्त एक बदल त्यांनी आपल्या मनाने केला. गोळी नळीच्या तोंडातून घालायची आणि लोखंडी गजाने आत दाबायची; गज शेवटपर्यंत गेला तरच आतली स्प्रिंग खट्‌ करून अडकणार. अर्धवट दाबली तर चाप ओढल्यावर गोळी पायाशीच पडायची.

ही खोड त्यांनी मुद्दाम ठेवली होती. मुलं घाई करायची, गोळी पायाशी पडायची, वर्ग खिदळायचा आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "फुसका बार." मग फळ्यावर लिहायच्या: ठासणे. ठासून सांगणे हा शब्द कुठून आला, फुसका बार म्हणजे खरोखर काय, हे मी विज्ञानाचा पदवीधर त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभा राहून शिकलो. कोणी तोंडातल्या तोंडात उत्तर दिलं की त्या एकच शब्द बोलायच्या, "ठास." मुलाचा आवाज चढायचा. उत्तर चुकलं तरी चालेल, पण ते पडेल आवाजात चुकलेलं त्यांना खपत नसे.

बाई बंदुका बनवतात ही बातमी गावात जशी पसरायची तशी पसरली आणि एक दिवस चौकशीला पोलीस ठाण्याचे जमादार आले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि बंदूक हातात दिली. जमादारांनी ऐटीत गज मारला, नेम धरला, चाप ओढला. गोळी त्यांच्याच बुटावर पडली. "साहेब, अर्धीच ठासली तुम्ही," बाई म्हणाल्या. जमादारांनी पुन्हा ठासली, या खेपेला खिडकीच्या गजाला बरोबर लागली, आणि ते पोरासाठी एक मिळेल का असं विचारून गेले.

बाई गावातल्या बौद्ध वस्तीतल्या. वडील त्या लहान असतानाच गेले. आईने, सोनाबाईंनी, लोकांच्या कापसात आणि उसात राबून त्यांना शिकवलं. एकदा डबा खाता खाता त्या म्हणाल्या होत्या, "हजेरीत विमल रामभाऊ. प्रमाणपत्रावर विमल रामभाऊ. बापाला म्या पाह्यलं बी न्हाई, सर. उन्हात आई, अन्‌ कागदावर बाप." तेव्हापासून त्या सही करत नसत, नाव लिहीत: विमल सोनाबाई रामभाऊ खरात. पगारपत्रकाच्या रकान्यात ते मावायचं नाही. बाई शेजारच्या रकान्यात शिरायच्या.

मी आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाचा देखावा त्यांच्याकडे आला. आमच्याकडे दरवर्षी किल्ला व्हायचा. राजा, सरदार, तलवारी ठराविक चार घरांतल्या मुलांना, मुली आरतीचं ताट घेऊन उभ्या, आणि वस्तीतली मुलं झालीच तर पडदा ओढायला. बाईंनी सगळं मोडलं. सातवीत चिठ्ठ्या टाकून बारा मुलं काढली आणि जाहीर केलं, या खेपेला राजा नाही. फक्त तट आणि तटावरचे बारा बंदूकवाले. प्रत्येकाने पुढे यायचं, ठासायचं, आपलं पूर्ण नाव आईच्या नावासकट ओरडून सांगायचं आणि बार काढायचा. का, असं मी विचारलं. "राजाचं नाव पुस्तकात हाय. तटावर जे रातंदिस उभे व्हते त्यांची नावं कोणीच लिहिली न्हाईत. मंग आपणच सांगू," बाई म्हणाल्या.

त्या बारांत प्रतीक्षा नावाची एक मुलगी होती. तिचे वडील मायलेकींना टाकून कधीच निघून गेले होते आणि आई मंगल रोजाने जायची. सरावाच्या वेळी प्रतीक्षाची प्रत्येक गोळी पायाशी पडायची, कारण पुढे नाव घ्यायचंय म्हटलं की गजावरचा हात ढिला व्हायचा. शेवटी तिने बाईंना विचारलं, बापाचं नाव घ्यावंच लागतं का. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बार तुझा हाय, माय. काय ठासायचं ते तूच ठरव."

आठवड्यावर कार्यक्रम आला आणि संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप आला की शाळेत बंदुका नकोत, मुलांवर वाईट संस्कार होतो. तलवारींनी इतकी वर्षं कोणता संस्कार होत होता हे त्यात नव्हतं. मुख्याध्यापकांनी मला एकट्याला खरं कारण सांगितलं. अध्यक्ष म्हणाले होते, कोणाकोणाची आडनावं तटावरून ऐकायची आम्ही आता? आणि वर बायांची नावं. पण लेखी कारण संस्काराचं हवं होतं, आणि ते विज्ञान शिक्षकाने द्यायचं होतं. अध्यक्ष नात्याने माझे लांबचे काका. माझी नोकरी त्यांच्या शब्दावर लागली होती.

मी अहवाल लिहिला. 'सदर खेळण्यापासून इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' खाली सहीचा फराटा मारला. ज्या बंदुकीची गोळी पहिल्याच दिवशी छातीवर झेलली होती, तिच्याबद्दल मी हे लिहिलं. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

बाईंनी कागद वाचला. मला वाटलं होतं, चिडतील. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "लागली व्हती का, सर, तुम्हाला?" मी कागद परत फायलीत ठेवला. "फुसका," म्हणाल्या आणि तासाला गेल्या. मुख्याध्यापकांनी देखावा रद्द करायला सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आला. बंदुका घ्या काढून, नावं न्हाई देणार. त्याच दुपारी बाराही बंदुका माझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात कोंडल्या गेल्या. किल्ली माझ्या खिशात.

संमेलनाच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या मागे आम्ही शिक्षक. पडदा सरकला. पुठ्ठ्याचा तट, त्यावर बारा मुलं, हातात काहीच नाही. बंदुका कपाटात गेल्या होत्या, पण लोखंडी गज बाईंच्या पिशवीतच राहिले होते, आणि ते त्यांनी तटाला टेकवून ठेवले होते. पहिला मुलगा पुढे आला. रिकाम्या हातात नसलेली बंदूक धरली, नसलेली गोळी घातली, गज उचलून तीनदा खाली आपटला. लाकडी स्टेज दणदण वाजलं. मग त्याने नाव सांगितलं. आईचं, बापाचं, आडनाव. मैदानाच्या मागच्या अंगाला, जिथे बाया खाली बसल्या होत्या, तिथे एक बाई गडबडून उभी राहिली. तिचं नाव तिने भोंग्यातून पहिल्यांदाच ऐकलं असावं.

दुसरा, तिसरी, चौथा. खरात, तौर, शेख, साळवे, सगळी आडनावं चिठ्ठ्यांनी आणली तशी एकापाठोपाठ येत गेली. प्रत्येक नावाला मागे एक बाई उठत होती आणि उठलेली खाली बसत नव्हती. मी खिशातली किल्ली मुठीत घट्ट धरून बसलो होतो. उठून कपाट उघडायला दोन मिनिटं लागली असती. मी उठलो नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

शेवटी प्रतीक्षा आली. गज आपटला, एकदा, दोनदा, आणि थांबली. तोंड उघडं, आवाज नाही. अध्यक्षांनी मागे वळून मुख्याध्यापकांकडे पाहिलं. तेवढ्यात पडद्याआडून, हलक्या आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, बाई म्हणाल्या, "ठास." प्रतीक्षाने तिसरा दणका दिला. "प्रतीक्षा मंगल गायकवाड," ती म्हणाली. मध्ये दुसरं नाव आलं नाही. मागे मंगल उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून. टाळ्या मागून सुरू झाल्या. पहिल्या रांगेपर्यंत त्या आल्या नाहीत आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला. 'मी स्वतः समोर होतो. गोळी मला लागली. इजा झाली नाही. बंदुका परत द्याव्यात.' बाईंना खुलासा मागणारी नोटीस आली होती. तिच्या उत्तरासोबत जोडायला मी हा कागद दिला. स्वतः जाऊन कपाटही उघडलं. बाईंनी कागद वाचला, खाली माझा फराटा पाहिला. "ठासलंय, सर. पण अजून अर्धंच." नोटिशीच्या उत्तरात त्यांनी लिहिलं की मुलांनी स्वतःची नावं सांगितली, त्यात खुलासा करण्यासारखं काही नाही, आणि खाली चार शब्दांचं आपलं नाव. संस्थेने त्यांची बदली परतूरच्या बाजूच्या शाळेत केली. त्या रोज दोन गाड्या बदलून गेल्या, एक दिवसही विनंती अर्ज केला नाही, आणि तिथेही किल्ला बांधला. निवृत्तीनंतर वर्षभरातच, मागच्या उन्हाळ्यात, बाई गेल्या. मी विहारात गेलो तेव्हा दाराशी प्रतीक्षा उभी होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली.  आम्ही दोघंही रडलो.

त्या बारा बंदुका आता माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर ओळीने टांगल्या आहेत. गेल्या महिन्यात नवे अध्यक्ष, म्हणजे जुन्यांचे चिरंजीव, पाहणीला आले आणि ही अडगळ भंगारात घाला म्हणाले. मी म्हटलं, लेखी उत्तर देतो. तिथेच टेबलाशी बसून पाहणीच्या छापील कागदावर लिहिलं की बंदुका इथेच राहतील आणि सातवीला ठासायला शिकवणं चालू राहील. खाली नाव लिहिलं: भास्कर गयाबाई किसनराव तौर. रकान्यात मावलं नाही.

त्यांनी कागद वाचला आणि नावावर बोट ठेवलं. "दादा, हे गयाबाई काय आहे?"

"आई हाय माझी," मी म्हणालो. आणि तेच, आवाज चढवून, दाराशी जमलेल्या सातवीला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.